पाय पुढे, पाठ टेकलेली: रिकंबंट सायकलविषयीचे गैरसमज

रस्त्यात रिकंबंट सायकल दिसली की बघणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो स्वाराच्या तब्येतीचा. पाठ गेली असेल, गुडघे दुखत असतील, नाहीतर वय झालं असेल. एरवी धडधाकट माणूस खुर्चीत रेलून, पाय पुढे पसरून पायडल का मारेल? या सायकलीबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज हाच आहे. पहिली रिकंबंट घ्यायला निघालेल्या माणसाला घरच्यांकडून पहिलं वाक्य ऐकावं लागतं तेही बहुधा हेच.

या सायकलीच्या इतिहासातलं सर्वांत गाजलेलं पान मात्र शर्यतीच्या मैदानावर लिहिलं गेलं. चार्ल्स मोशे या फ्रेंच कारागिरानं 1930च्या दशकाच्या सुरुवातीला ‘वेलोकार’ नावाची दुचाकी रिकंबंट तयार केली. 7 जुलै 1933 रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर ती घेऊन ट्रॅकवर उतरला. फोर हा पहिल्या फळीतला शर्यतपटू नव्हता. त्या दिवशी त्यानं एका तासात 45.055 किलोमीटर अंतर कापलं आणि स्वित्झर्लंडच्या ऑस्कर एगनं 1914 मध्ये केलेला 44.247 किलोमीटरचा विक्रम मोडला. जवळपास वीस वर्षं भल्याभल्यांना न जमलेली गोष्ट दुसऱ्या फळीतल्या स्वारानं बसण्याची पद्धत बदलून करून दाखवली होती.

त्यानंतर जे झालं त्यातून दुसरा गैरसमज जन्मला: ‘धोकादायक होती म्हणून तिच्यावर बंदी आली.’ आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं, म्हणजे यूसीआयनं, 1934 मध्ये रिकंबंटला शर्यतींतून बाहेर ठेवलं, हे खरं. पण ते सायकलीच्या मापांची नवी व्याख्या करून. पायडलचा आस जमिनीपासून किती उंचीवर असावा, सीटचं टोक त्या आसाच्या किती मागे असावं, याच्या मर्यादा ठरवल्या गेल्या आणि वेलोकार त्या चौकटीत बसेना. प्रश्न अपघातांचा नव्हता. विक्रम कोणत्या यंत्रावरचा मानायचा, याचा होता. मोशे त्याच वर्षी वारले. फोरनं 1939 मध्ये वाऱ्याला कापणारं आवरण चढवलेल्या वेलोकारवर तासाभरात 50 किलोमीटरची हद्द ओलांडली, पण तोवर मोठे कारखानदार या आकाराकडे पाठ फिरवून बसले होते. शर्यतीत न दिसणारी सायकल दुकानातही दिसत नाही, आणि दुकानात न दिसणारी सायकल लोकांना विचित्र वाटते. आजच्या नवलाच्या नजरांचं मूळ बऱ्याच अंशी त्या निर्णयात आहे, असं म्हणायला जागा आहे.

ती बंदी त्या संघटनेच्या शर्यतींपुरतीच आहे, हेही अनेकांना माहीत नसतं. रस्त्यावर चालवायला अडचण नाही. आपल्याकडे केवळ पायांच्या जोरावर चालणारं वाहन मोटार वाहनांत मोडतच नाही, त्यामुळे नोंदणीचा किंवा परवान्याचा प्रश्न येत नाही. दर चार वर्षांनी होणाऱ्या, 1200 किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या प्रसिद्ध राइडमध्ये रिकंबंट दिमाखात सुटतात. महाराष्ट्रातले अनेक सायकलस्वार ज्या 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइड, करतात, त्या याच परंपरेतल्या. वेगाचं म्हणाल, तर 2016 मध्ये अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या बॅटल माउंटनजवळच्या सपाट रस्त्यावर कॅनडाच्या टॉड रायकर्टनं ‘ईटा’ या पूर्ण आवरण असलेल्या रिकंबंटवर ताशी 144.17 किलोमीटरचा वेग गाठला. इंजिन नाही, मोटर नाही, फक्त पाय.

असे आकडे ऐकले की गैरसमज उलट्या दिशेनं धावू लागतो. ‘रिकंबंट घेतली की वेग वाढणारच’ असं वाटायला लागतं. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सपाटीवर ताशी 30 किलोमीटरच्या पुढे वेग गेला की स्वाराची बहुतेक शक्ती वारा खातो. मागे रेललेला स्वार वाऱ्यासमोर कमी अडथळा धरतो आणि तिथेच त्याचा फायदा होतो. पण तो फायदा पाठ किती मागे कलली आहे आणि पाय किती उंचीवर आहेत, यावर ठरतो. बऱ्यापैकी ताठ बसवणारी, मोठ्या आरामशीर सीटची रिकंबंट शर्यतीच्या साध्या सायकलीहून वेगवान असेलच असं नाही. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली तीनचाकी तर तिसऱ्या चाकाचं घर्षण आणि वजन घेऊन चालते. तोच स्वार चांगल्या रोडबाइकवर बहुधा लवकर पोहोचेल. ताशी 15-18 किलोमीटरनं रमतगमत जाणाऱ्याला हवेच्या या हिशेबानं फारसा फरक पडत नाही. त्याला फरक जाणवतो तो मनगटं, मान आणि बैठक न दुखण्यात, आणि मान न वाकवता समोरचा डोंगर दिसण्यात.

आता चढ. ‘रिकंबंट घाट चढत नाही’ हे वाक्य तिच्याबद्दल सर्वाधिक वेळा बोललं जातं, आणि त्यात अर्धं सत्य असल्यामुळे ते जास्त टिकतं. साध्या सायकलीवर चढ आला की माणूस पायडलवर उभा राहतो आणि शरीराचं वजन कामाला लावतो. रिकंबंटवर ती सोय नाही. शिवाय लांब फ्रेम, मोठी सीट, लांब चेन यामुळे वजन वाढतं. बऱ्याच प्रवासी दुचाकी 14 ते 18 किलोच्या आणि तीनचाकी त्याहून जड असतात. एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. 80 किलोचा स्वार 10 किलोच्या सायकलीवर एखादा खडा घाट एका तासात चढत असेल, तर तेवढ्याच ताकदीनं 18 किलोच्या रिकंबंटवर त्याला वजनामुळे साधारण पाच मिनिटं जास्त लागतील. पाच मिनिटं म्हणजे घाट न चढणं नव्हे.

नवख्याचा दम निघतो तो वेगळ्या कारणानं. पाय पुढे करून जोर लावताना स्नायू वेगळ्या कोनात राबतात आणि पुष्कळांना सरावायला काही आठवडे, कधी दोनतीन महिने लागतात. पहिल्याच रविवारी खंबाटकी घाट गाठून ‘ही सायकल चढत नाही’ असा निकाल देणाऱ्यानं सायकलीची नव्हे, न सरावलेल्या पायांची परीक्षा घेतलेली असते. दुसरी गोष्ट गिअरची. दुचाकी रिकंबंट अगदी मंद वेगात डुलायला लागते, म्हणून चढावर तोल राखण्यापुरता वेग ठेवावाच लागतो. तीनचाकीला ते बंधन नाही. पुरेसा हलका गिअर बसवला की ती चालण्याच्या वेगानंही सरळ चढते, मध्येच थांबून पाणी प्यावं आणि पाय न टेकता पुन्हा निघावं. सह्याद्रीत फिरायचं असेल तर सायकल घेताना सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हा प्रश्न विक्रेत्याला आधी विचारावा. रंग आणि बॅगा नंतर.

‘ट्रकवाल्याला ती दिसणारच नाही’ ही भीती गैरसमज म्हणून झटकून टाकता येणार नाही. सगळ्याच रिकंबंट जमिनीला टेकलेल्या नसतात. मोठ्या चाकांच्या दुचाकी रिकंबंटवर स्वाराचे डोळे मोटारीतल्या चालकाच्या डोळ्यांच्या आसपास येतात. उघड्या रस्त्यावर मागून येणाऱ्याला अनोळखी आकार दिसतो, तो वेग कमी करून बघतो, असा अनुभव अनेक स्वार सांगतात. पण बुटकी तीनचाकी बसच्या किंवा ट्रकच्या अगदी शेजारी आली की चालकाच्या खिडकीखाली हरवते, आणि त्याला उंच काठीवर लावलेला झेंडा हा पुरता उपाय नाही. तरी झेंडा आणि दिवसाही चालू असलेला मागचा दिवा हवाच, आणि दोन्ही बाजूंना आरसेही, कारण पाठ टेकलेल्या माणसाला मान वळवून मागे बघणं अवघड जातं. एवढं करूनही पुण्या-मुंबईच्या गर्दीत रोज ऑफिसला जाण्यासाठी बुटकी तीनचाकी घेऊ नये, असंच स्पष्ट सांगावं लागेल. तिची खरी जागा मोकळ्या रस्त्यांवर आहे; गर्दीतून जायचं असेल तर उंच सीटची दुचाकी बरी.

पडण्याविषयी मात्र अकारण भीती बाळगली जाते. जोरात ब्रेक दाबल्यावर हँडलवरून डोक्यावर फेकलं जाण्याचा धोका इथे बराच कमी असतो, कारण शरीराचं वजन खाली आणि मागे असतं. पडलाच तर स्वार कुशीवर, थोड्या उंचीवरून पडतो. तीनचाकीत वेगळी सावधगिरी लागते. वळणावर वेग जास्त असेल तर आतलं चाक उचललं जातं, म्हणून अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवावं लागतं. आणि चालत्या तीनचाकीवरून पाय निसटून जमिनीला लागला, तर सायकल पुढे जाते आणि पाय खाली ओढला जातो. ही दुखापत गंभीर असू शकते. म्हणून पाय पायडलला धरून ठेवणारे क्लीट किंवा टाचेला आधार देणारे पट्टे ही चैन नाही, पहिल्या दिवसापासूनची गरज आहे.

पाठदुखीवरचा उपाय म्हणून रिकंबंट घेणारे पुष्कळ. अरुंद सीटचा दाब, मनगटांवरचा भार आणि मानेचा ताण ती खरोखर कमी करते. पण भार नाहीसा होत नाही, तो नितंबांवर आणि पाठीच्या खालच्या भागावर सरकतो. पाय हृदयाच्या पातळीजवळ किंवा त्याहून वर राहिले तर पायांची बोटं बधिर होऊ शकतात. मणक्याची गादी सरकलेल्या माणसानं डॉक्टरांशी बोलून, तासभर चालवून पाहूनच पैसे मोजावेत. गुडघ्यांचंही तसंच: मागे भक्कम टेकू असल्यामुळे जड गिअरवर हवा तेवढा जोर लावता येतो, आणि तोच गुडघ्यांना महागात पडतो. हलक्या गिअरवर भरभर, मिनिटाला 80 च्या आसपास फेरे मारण्याची सवय सुरुवातीलाच लावून घ्यावी.

खरेदीतला सर्वांत खर्चीक गैरसमज म्हणजे फोटो पाहून सायकल निवडता येते हा. साध्या सायकलीत सीट वरखाली केली की काम भागतं. इथे सीटपासून पायडलपर्यंतचं अंतर जुळावं लागतं. ते घरी मोजता येतं. बूट घालून, भिंतीला पाठ टेकून जमिनीवर पाय सरळ पसरून बसायचं आणि भिंतीपासून तळव्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. आयसीई, एचपी वेलोटेक्निक, अझुब, कॅटराइक यांसारखे ओळखीचे उत्पादक कोणतं मॉडेल किती उंचीच्या किंवा पायाच्या स्वाराला बसतं ते सांगतात. कमी उंचीच्या माणसाला मोठ्या चाकांच्या उंच रिकंबंटवर बसल्यावर पाय जमिनीला पुरत नाहीत. त्यानं 20 इंची चाकांच्या सायकली आधी पाहाव्यात.

यातही एक मेख आहे. 20 इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरची दोन मापं चालतात, 406 आणि 451, आणि एकाचा टायर दुसऱ्या रिमवर बसत नाही. 406 हे बीएमएक्स आणि घडीच्या सायकलींचं माप असल्यानं आपल्याकडे मिळण्याची शक्यता जास्त. भारतात राहून चालवणाऱ्यासाठी हा एक आकडा महागड्या गिअरसेटपेक्षा महत्त्वाचा आहे. बाकी ‘हिचे सुटे भाग मिळत नाहीत’ ही तक्रार अर्धीच खरी. ब्रेक, डिरेलर, कॅसेट, हब हे सगळं नेहमीच्या सायकलीचं असतं. चेनसुद्धा साधीच, फक्त तीनचाकीला जवळपास तीन चेन जोडून लावावी लागते. चेनला वाट देणाऱ्या पुल्या, तिच्या प्लॅस्टिकच्या नळ्या आणि सीटची जाळी तेवढी उत्पादकाकडून मागवावी लागते; ती सायकलीबरोबरच जास्तीची घ्यावी.

किंमत हा मोठा अडसर आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. युरोपातल्या नामांकित तीनचाकी काही हजार युरोंच्या घरात जातात आणि इथे आणायची तर वाहतूक आणि आयात शुल्क वेगळं. म्हणूनच जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांना ही हौस सोपी जाते: तिथे खास दुकानं आहेत, चालवून बघता येतं आणि जुन्या सायकलींचा बाजारही आहे. जुनी घेताना फ्रेमच्या जोडांवर, विशेषतः पायडल धरणारी पुढची नळी जिथे आत सरकते तिथे, बारीक तडे नाहीत ना हे उजेडात पाहावं, आणि पुल्यांचे दाते झिजलेत का ते बघावं. पुढची नळी बरीच पुढे किंवा मागे सरकवली तर चेनची लांबीही बदलावी लागते. हे काम सौदा ठरण्याआधी विक्रेत्याकडूनच करून घ्यावं.

दुचाकी रिकंबंटचे पहिले दिवस मोकळ्या मैदानावर काढावेत. निघताना गिअर हलका हवा, म्हणून थांबण्यापूर्वीच तो खाली आणायची सवय करावी. थांबल्यावर लक्षात येऊन उपयोग नसतो. एक पाय जमिनीवर, दुसरं पायडल वरच्या बाजूला, नजर पुढच्या चाकावर नव्हे तर वीस-पंचवीस पावलं पुढे, आणि एकाच दमात पहिला फेरा पूर्ण करायचा. हँडल घट्ट आवळलं की सायकल नागमोडी जाते. बोटं सैल सोडली की तीच सायकल सरळ चालते. काही मॉडेलमध्ये तीव्र वळण घेताना टाच पुढच्या चाकाला लागते, तेही मैदानावरच कळलेलं बरं. सुरुवात, थांबा आणि दोन्ही बाजूंची वळणं अंगवळणी पडली की सकाळच्या वेळी, कमी रहदारीच्या सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर. पायांची बोटं बधिर होऊ लागली तर क्लीट थोडे टाचेकडे सरकवावेत, सीट एखाद्या खाचेनं ताठ करावी आणि घरी आल्यावर त्या जागी पेनानं खूण करून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा शोधाशोध करावी लागत नाही.