बाबा घरी आहेत आणि उपचारही चालू आहेत

वसईतल्या निर्मळ, गास, नंदाखाल, भुईगाव अशा गावांत एखाद्या घरचे बाबा मोठ्या आजाराने अंथरुणाला खिळले की बातमी पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळी शेजारपाजारचे लोक रोझरीला जमतात, रविवारी मिस्सा झाल्यावर कुणीतरी ख्रिस्तप्रसाद घेऊन येतं, नात्यातल्या बायका डबा पाठवतात. हा आधार फार मोलाचा असतो. पण त्याच माणसांबरोबर काही ठाम समजुतीही घरात शिरतात. मॉर्फिन देऊ नका, फादरना इतक्यात बोलावू नका, त्यांना काही कळू देऊ नका, निदान सलाईन तरी लावा. बायको, मुलं, सून, सगळे आधीच थकलेले असतात. यातलं कोणाचं ऐकावं हे त्यांना उमगत नाही आणि चुकीचा सल्ला मानला गेला की त्रास बाबांना होतो. म्हणून या समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज : डॉक्टरांनी ‘घरी न्या’ म्हटलं, म्हणजे करण्यासारखं काही उरलं नाही.

आजार बरा करण्याचे उपाय संपले, तरी त्रास कमी करण्याचे उपाय संपत नाहीत. वेदना, धाप, मळमळ, बद्धकोष्ठता, झोप न लागणं, जखमा, मनाची घालमेल या सगळ्यांवर घरीच उपचार होऊ शकतात. या शाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तिचा आधुनिक पाया घातला तो सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश डॉक्टर बाईंनी. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या या श्रद्धाळू ख्रिस्ती बाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या सेवेचं केंद्र, सुरू केलं. दुखणं फक्त शरीराचं नसतं. मनाचं, घरच्या काळजीचं आणि श्रद्धेचं दुखणंही त्यात मिसळलेलं असतं, हे त्यांनी वैद्यकशास्त्राला मान्य करायला लावलं.

ही सेवा फक्त अखेरच्या दिवसांसाठी आहे, हीसुद्धा चुकीची समजूत आहे. २०१० मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निदान झाल्यापासूनच ज्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुसह्य गेलेच, शिवाय ते जगलेही जास्त. त्यांच्या आयुष्याचा मध्यक ११.६ महिने भरला, इतरांचा ८.९ महिने.

घरच्यांच्या हातात किती असतं, हे अंथरुणातल्या जखमांवरून कळतं. हालचाल बंद झालेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एकट्याने ओढून सरकवलं तर आधीच नाजूक झालेली कातडी घासून फाटते. त्यापेक्षा एक चादर दुमडून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घालावी, दोघांनी दोन बाजूंनी तिचे काठ धरावेत, अंग किंचित उचलावं आणि मग वळवावं. दर वेळी टाचा, माकडहाड आणि कमरेची हाडं पाहावीत. तिथं लालसर डाग दिसला आणि बोटाने दाबूनही तो फिका पडला नाही, तर जखमेची ती पहिली खूण समजावी. तो भाग चोळायचा नाही. त्यावरचा भार काढायचा आणि नर्सला दाखवायचा. एवढं नेमाने केलं तर बऱ्याच दिवसांचं ड्रेसिंग टळू शकतं.

गैरसमज : येशूने क्रुसावर सोसलं, मग ख्रिस्ती माणसाने वेदनेवर औषध घेऊ नये.

ही समजूत सर्वांत जास्त छळते, कारण ती भक्तीचं रूप घेऊन येते. कळ असह्य झाली तरी बाबा ‘देवाला अर्पण करतो’ म्हणत दात आवळून पडून राहतात आणि घरचे त्यांचा निश्चय मोडायला कचरतात. बोळ मिसळलेला द्राक्षारस येशूने नाकारला, हा मार्कच्या शुभवर्तमानातला प्रसंग त्यासाठी सांगितला जातो. पण रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाच्या घावांवर तेल आणि द्राक्षारस ओतणारा शोमरोनी हा आदर्श येशूनेच लोकांपुढे ठेवला, हे त्या वेळी आठवत नाही.

चर्चची भूमिका तर स्पष्ट आहे. फेब्रुवारी १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांना डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. दुसरा उपाय नसेल तर गुंगी आणणारी औषधं देऊन वेदना शमवणं योग्य आहे, त्यामुळे आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरीही, असं उत्तर त्यांनी दिलं. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षा ग्रंथातल्या २२७९ व्या परिच्छेदात हेच आलं आहे. अट एकच, मृत्यू घडवून आणण्याचा हेतू नसावा. कुणी स्वखुशीने थोडं सोसायचं ठरवलं तर तो त्याचा अधिकार आहे. मात्र ते कुणाचंही कर्तव्य नाही आणि घरच्यांनी ते आजाऱ्यावर लादणं तर मुळीच योग्य नाही.

गैरसमज : मॉर्फिन म्हणजे व्यसन, आणि ते सुरू झालं म्हणजे शेवट आला.

मॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर ते साधारणपणे गोळीच्या रूपात, थोड्या मात्रेपासून सुरू करतात. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून ती घड्याळ पाहून द्यायची असते, कळ उठण्याची वाट पाहत बसायचं नसतं. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्या रुग्णांत व्यसन क्वचितच दिसतं. शरीराला औषधाची सवय होते हे खरं, आणि म्हणूनच ते एकाएकी बंद करायचं नसतं. पण सवय आणि व्यसन या वेगळ्या गोष्टी आहेत. मात्रा बेताबेताने वाढवली तर श्वास बंद पडण्याची भीती फार थोडी असते. मूत्रपिंडं अधू असतील तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

सुरुवातीची मळमळ आणि झापड बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून पोट साफ ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागतं. ‘आताच जोरदार औषध दिलं तर पुढे काय उरणार’ ही भीतीही निराधार आहे. वेदना वाढली तर मात्रा वाढवता येते.

मॉर्फिन सहज मिळत नाही, यामागे कायद्याचा इतिहास आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे रुग्णालयांना अनेक परवान्यांचं जंजाळ पार करावं लागायचं. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अफूची कायदेशीर शेती होते, तिथलेच रुग्ण त्यामुळे कण्हत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम देशभर सारखे झाले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना हे औषध ठेवणं सोपं झालं. तरी ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. कुठे मिळेल हे आधीच विचारून ठेवावं, घरात गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि उरलेल्या संस्थेला परत कराव्यात.

गैरसमज : फादर तेल घेऊन आले, म्हणजे आता आशा संपली.

या भीतीने कितीतरी घरांत फादरना बोलावणं लांबत जातं आणि ते येतात तेव्हा बाबा शुद्धीवर नसतात. पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, दोन शब्द बोलणं, सगळंच राहून जातं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितलं की आजाऱ्यांचा तैलाभ्यंग केवळ मरणाच्या दारात पोचलेल्यांसाठी नाही. आजाराने किंवा वार्धक्याने जीव धोक्यात येऊ लागला की तो घेण्याची योग्य वेळ आली. आजार बळावला तर तो पुन्हाही घेता येतो, मोठ्या शस्त्रक्रियेआधीही घेता येतो. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे, तेही आजारी माणसाला उभारी मिळावी म्हणून.

पोप दुसरे जॉन पॉल यांचंच उदाहरण पाहावं. १३ मे १९८१ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी त्यांना तैलाभ्यंग देण्यात आला. त्यानंतर ते जवळजवळ २४ वर्षं जगले.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा साक्रामेंत मानत नाहीत, पण पाळकांची भेट आणि प्रार्थना तिथेही तितकीच वेळेवर व्हायला हवी.

गैरसमज : व्हेंटिलेटर नाकारणं म्हणजे बाबांचा जीव घेणं, धर्म आणि कायदा दोन्ही त्याविरुद्ध आहेत.

इंजेक्शन देऊन जीव घेणं हे चर्चच्या शिकवणीत पाप आहे आणि भारतात गुन्हा आहे. पण ज्या उपचाराने यातनाच वाढतील आणि फायदा काही होणार नाही, तो नाकारणं ही निराळी गोष्ट आहे. धर्मशिक्षा ग्रंथाचा २२७८ वा परिच्छेद असे प्रमाणाबाहेरचे उपचार थांबवणं रास्त मानतो. मार्च २००५ च्या अखेरीस दुसऱ्या जॉन पॉल यांना जंतुसंसर्गाने ग्रासलं, तेव्हा ते पुन्हा जेमेल्लीत गेले नाहीत. व्हॅटिकनमधल्या आपल्या खोलीत ते राहिले आणि २ एप्रिलला तिथेच त्यांनी प्राण सोडला.

कायद्यातही वाट आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक दशकं अचेत पडून राहिलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला प्रथम हात घातला. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याची मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये ती पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमोर सही करून हा दस्त आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतो. बाबा शुद्धीत असतानाच हे करावं, म्हणजे पुढे भावंडांत वाद होत नाहीत.

गैरसमज : जेवत नाहीत म्हणून खंगत चालले, सलाईन लावलं तर उभे राहतील.

शेवटच्या काही दिवसांत शरीर अन्न घेणं आपणहून कमी करतं. बहुतेकांना तेव्हा भुकेची जाणीवही फारशी नसते. जबरदस्तीने पेज भरवली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि न पेलणारं सलाईन छातीत व पायांत साठतं. व्हॅटिकनने २०२० च्या ‘समारितानुस बोनुस’ या पत्रात सांगितलं आहे की उपयोग होतो तोवर अन्नपाणी द्यायलाच हवं, पण शरीर ते स्वीकारतच नसेल तर देत राहण्याचं बंधन नाही. तेव्हा पाठ उंच करून मागतील तेवढे दोन-चार घोट द्यावेत, ओल्या मऊ कापडाने तोंड पुसावं, ओठ ओले ठेवावेत. धाप लागली असेल तर चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घालावा. त्याने खरोखर बरं वाटतं. घशातली घरघर ऐकवत नाही, पण ग्लानीत असलेल्या माणसाला तिचा त्रास बहुधा होत नसतो. एका कुशीवर वळवलं की ती अनेकदा कमी होते.

गैरसमज : खरं सांगितलं तर बाबा खचतील.

आपलं शरीर काय सांगतंय हे आजाऱ्याला बहुतेक वेळा कळलेलं असतं. घरचे लपवतात म्हणून तोही गप्प बसतो आणि एकाच घरात सगळे एकेकटे पडतात. एकदम सगळं सांगून टाकावं असं नाही. ‘तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय?’ असं विचारावं आणि ते विचारतील तेवढंच खरं सांगावं. मग रुसलेल्या भावाला भेटायला बोलावणं, पापनिवेदन करणं, मृत्युपत्र लिहिणं हे त्यांचं त्यांना ठरवता येतं. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग पत्नीला आणि दोन तृतीयांश मुलांना मिळतो, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. गोव्यात वारशाचा कायदा वेगळा आहे.

गैरसमज : हॉस्पिसची मदत घेणं म्हणजे वडिलांना टाकून देणं.

भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईच्या वांद्र्यात सुरू झालं. गोव्यात लोटली इथेही त्याची शाखा आहे. पुण्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून काम करतं. अशा ठिकाणी वेदना आटोक्यात आणण्यापुरतं काही दिवस ठेवून रुग्णाला पुन्हा घरी आणता येतं. केरळमध्ये तर शेजारचे साधे लोक प्रशिक्षण घेऊन घरोघर जातात. कालिकतला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून हे जाळं वाढलं. आपल्या धर्मग्रामातही माणसांची वाण नाही. रोझरीला येणाऱ्यांपैकी दोघांनी आठवड्यातून एक रात्र उशाशी बसायचं कबूल केलं तर घरातली बाई त्या रात्री झोपू शकते. बहुतेक घरांत सगळा भार तिच्या एकटीवरच असतो आणि ते कुणी बोलूनही दाखवत नाही.

गैरसमज : घरी मृत्यू झाला तर पोलिसांचं लचांड मागे लागतं.

उपचार चालू असलेल्या आजाराने नैसर्गिक मृत्यू झाला तर पोलिसांचा संबंध येत नाही. अखेरच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देतात आणि कायद्याप्रमाणे त्यासाठी फी घेता येत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते.

म्हणून रुग्णालयातून डिस्चार्ज घेतानाच डॉक्टरांकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: पॅलिएटिव्ह केअरसाठी कोणाला फोन करायचा, रात्री कळ उठली तर कोणतं औषध किती द्यायचं, मॉर्फिन कुठे मिळेल आणि घरी येऊन तपासणारे डॉक्टर कोण. तो कागद बाबांच्या औषधांच्या डब्यातच ठेवा, आणि त्याच आठवड्यात फादरना फोन करा.