जलाशयाचा कांठ

धरण म्हटलें म्हणजे किती दशलक्ष घनफूट पाणी सांठलें याचीच विचारपूस होते. कांठाकडे लक्ष जातें तें तेथें बसून सूर्यास्त पाहण्यापुरतें. वस्तुतः जलचरांचा संसार मुख्यतः कांठालगतच चालतो. उथळ पाण्यांत सूर्यप्रकाश तळापर्यंत पोंचतो, म्हणून मूळ धरणाऱ्या पाणवनस्पती तेथेंच वाढतात. त्यांच्या आश्रयानें गोगलगाई, शिंपले व कीटकांच्या अळ्या राहतात, आणि त्यांवर मासे व पाणपक्षी यांची उपजीविका होते. रोहू, कटला हे मासे स्थिर पाण्यांत वीत नाहींत. त्यांचें बीज आणून सोडावें लागतें. मरळ मासा मात्र कांठच्या गवतांतच घरटें करतो व पिल्लांची राखणही करतो. गवत गेलें कीं त्याचें घर गेलें.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत प्रवरेवर भंडारदरा धरण आहे. तें १९२६ सालीं पुरें झालें. त्यांत सुमारें अकरा हजार दशलक्ष घनफूट पाणी मावतें. भोंवतालचें रान १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतें. अलीकडील वर्षांत या जलाशयाच्या कांठीं प्रवाशांसाठीं तंबूंच्या रांगा उभ्या राहतात. त्यांपासून तेथील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांना चार पैसे मिळतात, ही गोष्ट लहान नव्हे; तंबूच नकोत असें म्हणणें शहरांत बसून सोपें आहे.

परंतु तंबूसाठीं झुडपें तोडून जमीन सपाट केली म्हणजे पुढें काय होतें? घांटमाथ्यावरचा पाऊस मुसळधार. उघडी माती ओढ्यावाटे पाण्यांत उतरते, पाणी गढूळ होतें, तळाचा प्रकाश तुटतो आणि वनस्पती मरतात; दगडगोट्यांवर घातलेलीं माशांचीं अंडीं गाळाखालीं गुदमरतात. शौचकूप पाण्याजवळ खणला तर नत्र व स्फुरद झिरपत जलाशयांत येतात. कोठें शोभेकरितां दगडी भिंत बांधली, तर उतरत्या गवताळ कांठावर जी लाट विरून गेली असती तीच भिंतीवर आपटून परत फिरते व पायथ्याचा तळ खरवडते. आणि रात्रीचे दिवे! काजव्यांचे नर व माद्या परस्परांना प्रकाशाच्या खुणेनेंच ओळखतात. झगझगाटांत ती खूण दिसेनाशी होते. काजवे पाहण्यास यावयाचें आणि विजेचे दिवे लावून बसावयाचें, हा प्रकार विलक्षणच म्हणावयाचा.

जिल्ह्याच्या पूर्वेस चित्र निराळें आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचें उद्घाटन १९७६ सालीं झालें; त्याचा नाथसागर शेवगांव व नेवासें तालुक्यांत पसरला आहे. तो विस्तीर्ण पण उथळ असल्यामुळें पाणी थोडें उतरलें तरी कांठ फार दूर सरकतो. रोहित व पट्टकदंब हे पक्षी हिवाळ्यांत येतात ते याच उथळ पट्ट्यासाठीं. १९८६ पासून तेथेंही पक्षी अभयारण्य आहे. उघड्या पडलेल्या काळ्या जमिनींत गाळपेर होते. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांना या पिकाचा आधार वाटावा हें रास्तच. मात्र त्या पिकास घातलेलें खत व मारलेलें औषध पुढच्या पावसाळ्यांत चढत्या पाण्याखालीं जातें. खतानें शेवाळ माजतें. तें दिवसा प्राणवायू सोडतें खरें, पण रात्रीं तोच ओढून घेतें, आणि कुजूं लागलें म्हणजे त्याहूनही अधिक. पहांटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासूं लागतात तें याचमुळें. कोळ्यांच्या जाळ्यांत पुढें काय येणार हें तेव्हांच ठरून जातें.

यावर फार खर्चाचा उपाय लागत नाहीं. भंडारदऱ्यास कांठालगतची झुडपें राखून तंबू वरच्या बाजूस न्यावेत, शौचकूप पाण्यापासून दूर असावेत, दिवे थोडे व झांकलेले असावेत. नाथसागरास पाण्याकडील शेवटचा पट्टा बिनखताचा सोडावा. जेथें कांठ ढांसळला आहे तेथें वाळा लावावा. त्याचीं मुळें खोल जातात, आणि कांहीं काळ पाण्याखालीं व कांहीं काळ कोरड्यांत राहणें त्यास सोसतें. मात्र कोंवळे फुटवे शेळ्यांपासून पहिलीं एकदोन वर्षें राखावे लागतात.