एक कळफलक, अनेक लिप्या

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्याचे विभाजन झाले. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद इत्यादी म्हैसूर राज्यात आले. सीमा बदलली तरी घरोघरची भाषा बदलली नाही. आजही बीदर व कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) या जिल्ह्यांत मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू व लंबाणी या भाषा शेजारीशेजारी नांदतात. येथील मराठी तरुण घरी मराठी बोलतो, कचेरीत त्याला कन्नड अर्ज भरावा लागतो आणि संगणकावरील सूचना बहुधा इंग्रजीत असतात. अशा तरुणाला संगणकविद्या कोणत्या भाषेत द्यावी? हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ज्याला स्वतःचा अर्ज भरता येत नाही, त्याला आपला गुप्त क्रमांकही परक्याच्या हाती द्यावा लागतो.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी डिजिटल साक्षरतेचे अभियान सुरू केले. ते मार्च २०२४ अखेर समाप्त झाले. त्यातील अभ्यासक्रम २० तासांचा होता. एवढ्या अल्प अवधीत दोन-तीन लिप्यांचे लेखन कसे शिकवावे? याचे उत्तर आपल्या वर्णमालेतच आहे.

मराठी व कन्नड यांच्या लिप्या दिसावयास भिन्न, परंतु वर्णांची मांडणी एकच आहे. क, ख, ग, घ हा क्रम दोहींकडे सारखाच. आपली बाराखडी तेच कन्नडमधील ‘कागुणित’. या साम्याचा लाभ घेऊनच १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण ठरविला. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे असतात. ज्या कळीने मराठी ‘क’ उमटतो, त्याच कळीने कन्नड ‘क’ही उमटतो, जोडाक्षर साधण्याची कळही एकच. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीतही दोन्ही लिप्यांच्या मुख्य विभागांना प्रत्येकी १२८ जागा आहेत आणि दोहोंत ‘क’ बाविसाव्या जागी आहे. तात्पर्य, मराठी टंकलेखनाचा हात एकदा बसला, की कन्नडसाठी बोटांना नवे वळण लावावे लागत नाही. लिपीची ओळख आणि ऱ्हस्व ‘ए’, ऱ्हस्व ‘ओ’ यांसारख्या काही अक्षरांची भर पुरते.

काही भेद मात्र ध्यानात ठेवले पाहिजेत. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. तिला स्वतंत्र धडा हवा. कर्नाटकातील कचेऱ्यांत प्रचलित असलेल्या ‘नुडी’ प्रणालीचा रूढ कळफलक निराळा आहे, हेही आधीच सांगावे.

म्हणून प्रशिक्षणात प्रत्येक कृती प्रथम मातृभाषेत समजावावी व नंतर तीच कन्नडमध्ये करवून घ्यावी. कचेरीचे शब्द जोडीने शिकवावेत. महाराष्ट्रातील सातबारा तीच कर्नाटकातील ‘पहणी’. सावधगिरीच्या सूचना तर मातृभाषेतच द्याव्यात. यूपीआयने पैसे पाठविताना गुप्त क्रमांक लागतो, पैसे मिळण्यासाठी तो लागत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. ही दोन वाक्ये नीट समजली, तर एखाद्या कुटुंबाची वर्षाची बचत वाचू शकेल.

मित्रहो, तुम्हांपैकी पुष्कळांना मराठी व कन्नड दोन्ही भाषा येतात. येत्या सुटीत आपल्या गावातील एका तरी तरुणाला त्याचा अर्ज त्याच्याच हाताने भरावयास शिकवा. त्या विद्येचा याहून चांगला उपयोग तो कोणता?