तास निम्मे, म्हणून हक्कही निम्मे?

संध्याकाळी पाच ते नऊ औषधांच्या दुकानात बिलं करणारी मुलगी, सकाळी दोन तास कारखान्याच्या ऑफिसात हिशेब लिहिणारे गृहस्थ, डॉक्टरांकडे फक्त सायंकाळच्या ओपीडीला येणाऱ्या रिसेप्शनिस्ट. महिनाअखेरीला यांच्यासमोर बहुतेक वेळा एक व्हाउचर येतं. त्यावर ‘मानधन’ असं लिहिलेलं असतं आणि रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही घेतली जाते. मस्टरवर नाव नाही, सॅलरी स्लिप नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘पार्ट टाइमवाल्यांना हे काही लागू नसतं.’

हे उत्तर चूक आहे. मालक ते बेधडक देतात, पण काम करणारेही त्यावर मुकाट विश्वास ठेवतात, हे मला जास्त खुपतं.

मुळात किती तासांच्या आत म्हणजे अर्धवेळ, याची व्याख्या आपल्या कामगार कायद्यांत नाही. कायद्याने वरची मर्यादा बांधली आहे: सर्वसाधारणपणे दिवसाला आठ-नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. खालची मर्यादा नाही. म्हणून चार तासांच्या आत काम असलं की माणूस कर्मचारी राहत नाही, ही समजूत निराधार आहे. काम कुणाच्या सांगण्यावरून चालतं, ते नापसंत ठरवून पुन्हा करायला लावण्याचा अधिकार कुणाला आहे, साधनं कुणाची आहेत, हे पाहून नातं ठरतं. सिकंदराबादच्या एका शिंपीकामाच्या दुकानाचं प्रकरण १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. तिथले कारागीर नगावर पैसे घेत, ठरावीक वेळेला येण्याचं बंधन नव्हतं, काही जण कापड घरी नेऊन शिवत. तरीही ते दुकानाचे नोकर ठरले. अर्धवेळ काम करणारा नोकर असू शकत नाही असं मानण्याचं कारण नाही, असं न्यायालयाने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. पुढे २००८ मध्ये एका विमा कंपनीतल्या अर्धवेळ सफाई आणि पाणी भरण्याचं काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीतही औद्योगिक विवाद कायद्याखाली तो कामगारच आहे, असा निकाल लागला.

आता पीएफ आणि ईएसआय. पीएफचा कायदा वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला लागू होतो, ईएसआय साधारणपणे दहा किंवा अधिक माणसांच्या. छोट्या दुकानात पीएफ नसतो तो माणसं कमी म्हणून, कुणी अर्धवेळ आहे म्हणून नव्हे. शिवाय ही माणसं मोजताना अर्धवेळवालाही पूर्ण एक धरला जातो. पीएफसाठी १५,००० रुपयांची वेतनमर्यादा २०१४ पासून आहे, ईएसआयसाठी २१,००० रुपयांची २०१७ पासून. अर्धवेळ पगार या मर्यादांच्या आत बसण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे ज्यांना ‘लागू नाही’ म्हणून सांगतात, त्यांनाच हे कायदे हमखास लागू होतात.

ईएसआयचा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. महिना ८,००० रुपये मिळवणाऱ्या बाईच्या पगारातून पाऊण टक्का, म्हणजे ६० रुपये कापले जातात. मालक सव्वातीन टक्के, म्हणजे २६० रुपये भरतो. या ३२० रुपयांवर तिला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला उपचार मिळतात. तिचा पगार निम्मा आहे म्हणून शस्त्रक्रिया निम्मी होत नाही. अर्धवेळ कामाबद्दल बोलताना हा फरक धरून ठेवायला हवा: काही गोष्टी पगाराच्या प्रमाणात घटतात, काही अजिबात घटत नाहीत. बोनस, पीएफची शिल्लक आणि ग्रॅच्युइटी घटते. वैद्यकीय उपचार घटत नाहीत, प्रसूतीची रजाही नाही. त्या रजेसाठी कायद्याने आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम मागितलं आहे. दिवस मागितले आहेत, तास नव्हेत. रोज चार तास येणारीचेही ते दिवसच भरतात, आणि पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांचीच असते.

पगाराबाबतची समजूत तर आणखी खोल रुजली आहे. निम्मे तास, निम्मा पगार, असा सरळ भागाकार सगळ्यांना रास्त वाटतो. पण महाराष्ट्रातल्या किमान वेतनाच्या अनेक अधिसूचना अर्धवेळ कामगाराचा दर वेगळ्या पद्धतीने काढायला सांगतात: दिवसाच्या दराला आठाने भागायचं आणि येणाऱ्या रकमेवर पंधरा टक्के वाढवायचे. समजा दिवसाचं किमान वेतन ५६० रुपये आहे. तासाला ७० रुपये झाले, वाढीसह ८०.५०. चार तासांचे ३२२ रुपये होतात, २८० नव्हे. सव्वीस दिवसांत हजारावर रुपयांचा फरक पडतो. चार तासांसाठीही घरातून निघावं लागतं, बसचं तिकीट तेवढंच पडतं आणि उरलेल्या वेळात दुसरं काम जुळतंच असं नाही. ही वाढ मला म्हणूनच न्याय्य वाटते, आणि ती इतक्या कमी लोकांना ठाऊक असावी याचं वाईट वाटतं.

‘मानधन’ या नावामागे सरकारही उभं राहिलेलं आहे. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांनी ग्रॅच्युइटी मागितली, तेव्हा हे पूर्णवेळ काम नाही, हे मानधन आहे, असा बचाव झाला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. लसीकरणापासून पोषण आहारापर्यंत आणि बालवाडीपासून घरभेटींपर्यंतची कामं पाहता याला अर्धवेळ म्हणताच येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं आणि सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला.

अर्धवेळ आणि तात्पुरतं यांचीही सतत गल्लत होते. अर्धवेळ हा तासांचा प्रश्न आहे, तात्पुरतं हा मुदतीचा. रोज तीन तासांची नोकरी कायम असू शकते आणि दहा तासांची नोकरी अकरा महिन्यांच्या कागदावर चालू शकते. आपल्या महाविद्यालयांतले सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचे, प्राध्यापक दोन्हीकडून कात्रीत सापडले आहेत. तासिका झाली तर पैसे, दिवाळी आणि उन्हाळा कोरडा, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही ठाऊक नाही. पेपर तपासणं आणि तयारी मात्र होतच राहते. शिक्षकांना औद्योगिक विवाद कायद्याचा आधार मिळत नाही, तोही अर्धवेळ असल्यामुळे नव्हे. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत असं ठरवलं, आणि ते पूर्णवेळ शिक्षकांनाही तितकंच लागू आहे.

उलट्या बाजूचा गैरसमजही सांगायला हवा, कारण त्याच्या भरवशावर माणसं उमेदीची वर्षं घालवतात. ‘२४० दिवस भरले की कायम करावंच लागतं.’ ही समजूत हवेतून आलेली नाही. राज्याच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत बदली आणि तात्पुरत्या कामगारांसाठी अशी तरतूद होती. पण ती ठरावीक आस्थापनांपुरती होती. एरवी २४० दिवसांनी मिळतं ते कपातीपासूनचं संरक्षण, म्हणजे नोटीस आणि भरपाई. सरकारी खात्यांत तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर केवळ वर्षं भरली म्हणून कायम होता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगाच्या अर्धवेळ सफाई कामगारांना सर्वोच्च न्यायालयाने सेवेत नियमित करायला लावलं खरं, पण त्यासाठी त्यांची दीर्घ सेवा आणि कामाचं कायमस्वरूप न्यायालयापुढे सिद्ध व्हावं लागलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत आणि वरच्यापैकी बरेच कायदे त्यांत सामावले गेले आहेत. त्यांतली कामाची गोष्ट म्हणजे नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. ते मागून घ्या, आणि त्यात तास, दर आणि पद लिहून घ्या. पगाराऐवजी ‘प्रोफेशनल फी’ म्हणून दहा टक्के टीडीएस कापला जात असेल तर सावध व्हा. कागदोपत्री तुम्हाला नोकर नाही, बाहेरचे व्यावसायिक ठरवलं जातंय.

आणि पूर्णवेळ नोकरीवरून अर्धवेळावर येणाऱ्यांनी, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा घरातल्या आजारपणामुळे तास कमी करून घेणाऱ्या बायकांनी, सही करण्यापूर्वी ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडावा. ती शेवटच्या पगारावर ठरते. बारा वर्षं ३०,००० वर काम करून शेवटची दोन वर्षं १५,००० वर काढली, तर कायद्याच्या किमान हिशेबाने चौदाही वर्षं १५,००० च्या दराने मोजली जातात. अपंगत्वामुळे पगार घटला असेल तरच आधीच्या वर्षांना आधीचा दर मिळतो. म्हणून तास कमी करण्याच्या पत्रातच, आधीच्या बारा वर्षांची ग्रॅच्युइटी त्या वेळच्या पगारावर धरली जाईल, असं एक वाक्य मालकाकडून लिहून घ्यावं.