माळ्यावरची ‘फिरंगी’ बंदूक : ओळखायची कशी आणि घरात ठेवता येते का?

गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ला या तालुक्यांत जुनी लांब नळीची बंदूक दिसली की ती ‘पोर्तुगीजांच्या वेळची’ म्हणून सांगून मोकळे होतात. ती खरोखर पोर्तुगीज लष्कराची आहे की आजोबांची साधी ठासणीची बंदूक, हे मात्र फार कोणी बघत नाही. बघायला हवे. कारण परदेशात अशा रायफली जमवणारे आणि मैदानावर नेऊन चालवणारे शौकीन आहेत, तर आपल्याकडे तीच वस्तू विनापरवाना घरात सापडली तर घरमालकाला कोर्टाची पायरी चढावी लागू शकते.

आधी ओळख. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासतात. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर कोकणात आजही अशा बंदुका आहेत. पोर्तुगीज लष्करी रायफल याहून वेगळी. तिच्यात पितळी काडतूस मागच्या बाजूने जाते, नळीच्या आत पिळदार खाचा असतात आणि लोखंडावर कारखान्याचे नाव व साल कोरलेले असते. गंमत म्हणजे हे नाव बहुधा पोर्तुगालचे नसतेच. छोटा देश, मोठा कारखाना उभारण्याइतका पैसा नाही, म्हणून पोर्तुगालने या रायफली ऑस्ट्रियातील स्टायर आणि जर्मनीतील बर्लिन इथून बनवून घेतल्या.

तीन रायफली, तीन कहाण्या

पहिली ‘गेदिश’, साल १८८५. गेदिश नावाच्या पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्याने ती आखली. एका वेळी एकच काडतूस, खालचा दांडा ओढला की ठोकळा खाली सरकतो आणि नळी उघडते. रचना मजबूत होती, पण नशीब खोटे. स्टायरमध्ये हजारोंनी तयार होत असतानाच एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफली आल्या आणि ही हातात पडण्याआधीच जुनी ठरली. यातल्या बऱ्याच पुढे दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांच्या राज्यांना विकल्या गेल्या आणि इंग्रजांविरुद्धच्या लढाईत वापरल्या गेल्या. आज संग्राहक हिच्या मागे लागतात ते याच इतिहासामुळे.

दुसरी आणि आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाची, ‘क्रोपाचेक’, साल १८८६. ऑस्ट्रियन अधिकारी आल्फ्रेड फॉन क्रोपाचेक याच्या रचनेची, ८ मिलिमीटर तोंडाची. हिच्यात नळीच्या खाली दुसरी एक नळी लपलेली असते. तिच्यात आठ काडतुसे एकामागे एक बसतात. स्प्रिंग त्यांना मागे ढकलते आणि बोल्ट मागे ओढला की एक काडतूस वर उचलले जाते. बाजूला एक खटका असतो. तो फिरवला की खालचा साठा बंद होतो आणि शिपायाने एकेक काडतूस हाताने भरायचे. साठा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायचा, अशी त्या काळची शिस्त. मुकुटाखाली राजा लुईश पहिला याच्या नावाचे आद्याक्षर, बाजूला स्टायर आणि १८८६ हे दिसले की संग्राहकाला वेगळे सांगावे लागत नाही.

या रचनेतला एक दोषही सांगायला हवा. गोळ्या झाडत गेले की पुढचे वजन कमी होत जाते, त्यामुळे पहिल्या आणि आठव्या बाराला रायफलीचा तोल सारखा राहत नाही. शिवाय एका काडतुसाचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेले असते. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने पुढचे काडतूस आतच फुटण्याचा धोका. म्हणून अशा रायफलीत बोथट टोकाचीच गोळी लागते. फ्रान्सनेही नळीखालचा साठा याच धर्तीवर आपल्या १८८६ च्या लेबेल रायफलीत घेतला, मात्र तिच्यात बिनधुराची दारू वापरून त्याने बाकी सगळ्यांच्या रायफली एका वर्षात मागे टाकल्या.

१८९५ मध्ये गोव्यातील देशी शिपायांनी मोझांबिकला जायला नकार देऊन बंड केले, सत्तरीतले राणेही उठले आणि ते मोडायला राजपुत्र अफोन्सो लिस्बनहून फौज घेऊन आला. त्या काळी पोर्तुगीज पायदळाची नेहमीची रायफल क्रोपाचेकच होती.

तिसरी ‘माउझर-व्हेर्गेइरो’, साल १९०४. जर्मन माउझरमध्ये व्हेर्गेइरो या पोर्तुगीज अधिकाऱ्याने बोल्टचा फरक केला. तोंड ६.५ मिलिमीटर, साठा पाच काडतुसांचा. पुढे यातल्या काही रायफलींची नळी बदलून त्या जर्मन ७.९२ मिलिमीटर काडतुसासाठी केल्या. म्हणजे बाहेरून जवळपास सारख्या दिसणाऱ्या दोन रायफलींना काडतूस वेगवेगळे लागते. चुकीचे घातले तर अपघात ठरलेला.

परदेशात चालवतात तरी कशा?

अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक केंद्रीय कायद्याने ‘अँटिक’ मानतात. त्यामुळे १८८६ ची क्रोपाचेक घेणे तुलनेने सोपे, १९०४ च्या व्हेर्गेइरोला मात्र नेहमीचे नियम लागू. इतकी जुनी रायफल हातात आली म्हणून कोणी लगेच बार काढत नाही. आधी नळीतून मऊ शिशाची गोळी ठोकून बाहेर काढतात आणि तिचे माप घेतात, म्हणजे आतली खरी रुंदी कळते. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसामागे किती फट राहते, तेही मापतात. फट जास्त असेल तर पितळ फाटून गरम वायू थेट तोंडावर येतो. पहिला बार पुष्कळ जण रायफल बांधून, लांबून दोरीने चाप ओढून काढतात. जुन्या दारूची आणि जुन्या टोपीची राख ओल धरते, म्हणून त्याच दिवशी नळी पाण्याने धुवावी लागते. नाहीतर गंज. काडतुसेही बाजारात सहज मिळत नाहीत. दुसऱ्या मापाचे पितळ कापून, दाबून हाताने घडवावी लागतात. थोडक्यात, ह्या शौकात बार कमी आणि मापे जास्त.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

इथे बहुतेकांचा गैरसमज आहे. ‘शंभर वर्षे जुनी आहे, कोण विचारतो?’ असे ऐकायला मिळते. शस्त्र अधिनियम १९५९ मधील कलम ४५ ची सूट जुन्या पद्धतीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला आहे खरी, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही चालता कामा नये. गंजलेली, पण घोडा-चाप बसवून चालू होणारी रायफल या सुटीत बसत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘क्युरिओ’ प्रकारातील शस्त्रे बाळगण्यासाठी परवान्याची अट काढण्यात आली. तरी ती वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच. आपली वस्तू या प्रकारात बसते हे घरच्या घरी ठरवून गप्प बसणे महागात पडू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्यास किमान दोन ते कमाल पाच वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेलीही यात धरली जाते.

विकण्याचा विचार असेल तर आणखी एक कायदा आडवा येतो. शंभर वर्षांहून जुनी कलात्मक किंवा ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार करायलाही परवाना लागतो. जुन्या वस्तू घेणारा माणूस दारात येऊन रोख पैसे दाखवत असेल तर आधी त्याचा परवाना मागा.

सापडलीच तर

माळा साफ करताना किंवा जुने घर पाडताना अशी बंदूक हाती लागली तर बोल्ट ओढून बघू नका, गंज काढायला खोबरेल-रॉकेल लावत बसू नका. क्रोपाचेकच्या खालच्या नळीतली काडतुसे बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे ‘रिकामी आहे’ हा अंदाज धोक्याचा. मुलांना दूर ठेवा. आहे त्या जागी फोटो काढा, अक्षरे आणि साल नीट दिसेल असा. मग ठाण्याला कळवा. ती स्वतः मोटरसायकलवर टाकून ठाण्यात नेऊ नका, रस्त्यात नाक्यावर अडवले तर समजावत बसावे लागेल. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर परवाना असेल आणि ते वारले असतील, तर वारसाने विनाकारण उशीर न करता बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. नंतर वारस म्हणून परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करता येतो.

जमा करताना पावतीवर नुसते ‘एक जुनी बंदूक’ असे लिहू देऊ नका. नाव, साल, कोरलेला क्रमांक आणि नळीची लांबी, एवढे पावतीवर यायलाच हवे.