उत्स्फूर्त ज्वलन
बाहेरून ज्योत वा ठिणगी न लागता, स्वतःमध्ये निर्माण झालेल्या उष्णतेनेच पदार्थ पेटण्याच्या क्रियेस उत्स्फूर्त ज्वलन म्हणतात. अनेक कार्बनी पदार्थांचे सामान्य तापमानासही हवेतील ऑक्सिजनामुळे मंद ऑक्सिडीभवन होते. त्यातील उष्णता निघून गेल्यास धोका नसतो. ती ढिगात साचल्यास तापमान वाढते, विक्रिया अधिक जलद होते व शेवटी पदार्थ पेट घेतो.

घरात व सुतारकामाच्या जागी जवसाचे तेल याचे मुख्य कारण ठरते. त्यातील असंतृप्त वसाम्ले ऑक्सिजन शोषून घेतात, म्हणूनच ते लाकडावर वाळते. पातळ थरातील उष्णता सहज निघून जाते. मात्र तेच तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकल्यास तो काही तासांत पेटू शकतो. खनिज तेलाच्या चिंध्या सहसा आपोआप पेटत नाहीत.

शेतीमालात असाच धोका ओलसर गवताला असतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे भात व गवत पिकविणारे तालुके असून तेथे पावसाळ्यानंतर गवत व पेंढा रचून ठेवतात. अवकाळी पावसात भिजलेल्या मालात सु. २० टक्क्यांहून अधिक ओलावा राहिल्यास सूक्ष्मजंतूंच्या वाढीमुळे गंजीच्या गाभ्याचे तापमान सु. ७०° से.पर्यंत चढते. त्यापुढे बहुतेक सूक्ष्मजंतू मरतात, पण रासायनिक ऑक्सिडीभवन चालू राहते. आग बहुधा रचल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांत लागते. पूर्ण वाळलेले गवत उन्हाने आपोआप पेटत नाही. उन्हाळ्यातील आगींमागे वणवा, विडी किंवा ठिणगी असते.

गंजीतून वाफ येणे, करपट गोडसर वास सुटणे व माथा खचणे ही धोक्याची लक्षणे होत. गंजीत खोवून ठेवलेली लोखंडी सळई काही वेळाने बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल, तर गाभा धोकादायक रीत्या तापला आहे असे समजावे. अशी गंजी घाईने उपसू नये, कारण आत हवा शिरताच ती भडकते. तसेच गाभा जळून पोकळ झालेला असू शकत असल्याने तिच्यावर चढू नये. अग्निशामक दल व भरपूर पाणी जवळ असल्याशिवाय ती उघडू नये.

गवत पूर्ण वाळवून, हवा खेळेल अशा रीतीने, घर व गोठ्यापासून दूर रचावे. तेलकट चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.