शेळी घरी आणण्याआधी दाखला

आमच्या एका वाचक भगिनींनी परवा विचारणा केली. गावाबाहेर चार एकर जागा घेतली आहे. शेजारच्या राज्यात एकाकडे दोन दुभत्या शेळ्या विकाऊ आहेत. शनिवारी गाडीत घालून आणल्या तर चालेल ना? आपल्याकडे आठवड्याच्या बाजारातून शेळी दोरीला धरून घरी आणण्याची रीत, तेव्हा प्रश्न स्वाभाविकच आहे. परंतु अमेरिकेत तसे चालत नाही. ते का, हे सर्वच वाचकांना कळावे म्हणून आज हा विषय घेतला आहे.

येथे प्रत्येक राज्याचा स्वतःचा मुख्य सरकारी पशुवैद्य असतो. बाहेरून येणाऱ्या जनावरांबाबत केंद्र सरकारचे किमान नियम आहेत आणि त्यांवर प्रत्येक राज्याचे आपापले. सर्वसाधारणपणे दोन गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे कानातला बिल्ला. शेळ्यामेंढ्यांना तो स्क्रेपी नावाच्या रोगामुळे लागतो. या रोगावर औषध नाही, लस नाही, आणि लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण २ ते ५ वर्षे जातात. तोवर त्या जनावराने तीन गोठे बदललेले असले, तर बिल्ल्यावाचून त्याचा माग काढणार कसा? गाईगुरांना नव्याने लावायचा सरकारी बिल्ला तर ५ नोव्हेंबर २०२४ पासून डोळ्यांनी आणि यंत्राने, दोन्ही प्रकारे वाचता येणारा असावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आरोग्याचा दाखला. जनावर जिथून निघते तिथला मान्यताप्राप्त पशुवैद्य ते तपासून हा दाखला देतो. तो बहुधा ३० दिवस चालतो. काही राज्ये याखेरीज क्षय वा ब्रुसेलोसिसची चाचणी मागतात, तर काही आधी परवाना क्रमांक घ्यायला लावतात.

"पण शेळ्या चांगल्या धडधाकट दिसतात हो!" असे त्या भगिनी म्हणाल्या. खरी गोम इथेच आहे. एकोणिसाव्या शतकात टेक्ससची गुरे उत्तरेकडे हाकत नेत. ती स्वतः ठणठणीत असत, पण ज्या कुरणांतून जात तिथली स्थानिक गुरे मागाहून पटापट मरत. शेतकरी हवालदिल झाले आणि १८८५ साली कॅन्सासने टेक्ससच्या गुरांना बंदी घातली. हा ताप गोचिडांमुळे पसरतो, हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली सिद्ध केले. १९०६ साली सुरू झालेली गोचीड-निर्मूलनाची मोहीम, रिओ ग्रांदे नदीकाठचा पट्टा वगळता, १९४३ पर्यंत चालली.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर २०२४ चे उदाहरण ताजेच आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये टेक्सस आणि कॅन्सासच्या दुभत्या गाईंत बर्ड फ्लू आढळला. पाठोपाठ तो मिशिगनच्या एका गोठ्यातही निघाला. तिथे टेक्ससहून गाई आल्या होत्या, आणि त्या निघाल्या तेव्हा टेक्ससच्या गोठ्यात रोगाचे एकही लक्षण दिसले नव्हते. म्हणून दुभती गाय राज्याबाहेर नेण्यापूर्वी तिची चाचणी करण्याचा केंद्राचा आदेश २९ एप्रिल २०२४ पासून लागू झाला.

आपल्या महाराष्ट्रानेही हे अनुभवले आहे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, जनावरांची ने-आण थांबली आणि गावोगाव लसीकरण करावे लागले. ज्यांच्या दावणीची बैलजोडी गेली, त्यांना नियम का असतात हे सांगावे लागत नाही.

तेव्हा ज्यांना जनावर आणायचे आहे, त्यांना आमची विनंती अशी. व्यवहार ठरवण्याआधी आपण राहतो त्या राज्याच्या पशुवैद्य कार्यालयाला फोन करावा, कारण नियम जनावर जिथे जाणार तिथले लागतात आणि ते बदलतही असतात. विकणाऱ्याकडे बिल्ला आणि दाखला मागावा, दाखल्याचा खर्च कोणाचा हे आधीच बोलून घ्यावे. दाखला हाती असला तरी घरी आल्यावर नवे जनावर काही आठवडे वेगळे बांधावे.

आमच्या वाचक भगिनींनी शनिवारचा बेत पुढे ढकलला आहे. शेळ्या येतील, पण बिल्ला नि दाखल्यासह. त्यांच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या मेंढ्या आहेत, आणि शेजाऱ्याचा गोठा सांभाळणे हाही शेजारधर्मच आहे.